एकोणिसावे प्रकरण: मैत्रीचे प्रेम नेमके कधी होते?

शीवपलीकडची (धागाकर्ती):

नमस्कार. गेली अडीच वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे आणि तिचा पहिला खर्डा गेल्या महिन्यात पूर्ण झाला. ती प्रेमकथा आहे हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडे प्रेमकथा लिहिणारा माणूस ती ‘नातेसंबंधांचा शोध घेणारी’ वगैरे असल्याचे सांगत फिरतो. दोन मित्र आहेत, त्यांची अकरा वर्षांची मैत्री आहे आणि शेवटी ते एकमेकांचे होतात, एवढेच कथानक. शेवट वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतो. त्यामुळे या प्रकारच्या कादंबरीचा सगळा डोलारा ‘कसे होणार’ यावर उभा असतो आणि माझा डोलारा नेमका तिथेच कलला आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. सबनीस डोंबिवलीची, परब माहीमचा. माटुंग्याच्या एका महाविद्यालयात २००८ साली एकांकिकेच्या तालमीत त्यांची ओळख होते. ती रंगमंचामागची व्यवस्था पाहते, तो प्रकाशयोजना करतो. पुढे ती इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या कार्यालयात लागते, तो बँकेत चिकटतो आणि संध्याकाळी नाटकांचे दिवे सांभाळतो. कॉलेजपासून दोघे एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. मधल्या काळात तिचे एक लग्न जमता जमता मोडते आणि त्याचे एक प्रकरण बंगळुरूला जाऊन विरते. मग २०१९ च्या २५ जानेवारीला दोघे चतुरंगच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेला प्रेक्षक म्हणून जातात, रात्रभर जागतात, आणि प्रजासत्ताकदिनाच्या पहाटे दादरच्या दिशेने चालत असताना परब थांबून म्हणतो, “सबनीस, गेली आठ वर्षं माझं तुझ्यावर प्रेम आहे.” ती काही बोलत नाही, त्याच्या दंडाला धरते, आणि समोरून दूधवाला जातो. हे एकोणिसावे प्रकरण.

खर्डा चार जणांनी वाचला आणि चौघांनीही याच प्रकरणावर बोट ठेवले. त्यांतल्या एकीचे म्हणणे असे की, अठराव्या प्रकरणापर्यंत हे दोघे मित्र आहेत, विसाव्यापासून प्रेमिक आहेत, आणि मधल्या प्रकरणात कुणीतरी बटण दाबले आहे. परबच्या उद्योगाला धरून हा विनोद चांगला आहे, पण माझी झोप उडाली आहे. चौथे, सोळावे आणि एकोणिसावे अशी तीन प्रकरणे धाग्याला जोडली आहेत. हे वळण कुठे आणि कशाने घ्यावे, यावर मोकळेपणाने बोलावे अशी विनंती आहे. भाषा छान आहे असे सांगणारे प्रतिसाद घरून मिळतात.

दादरपूलवासी:

आधी किरकोळ गोष्टी सांगतो, कारण माझ्या मते त्या किरकोळ नाहीत.

चौथ्या प्रकरणात २०१३ साली सबनीस दादरला अकरा नंबरच्या फलाटावर उतरते. त्या वेळी दादरला अकरा नंबरचा फलाटच नव्हता. पश्चिम रेल्वेचे फलाट एकपासून मोजले जात आणि मध्य रेल्वेचेही पुन्हा एकपासून, त्यामुळे ‘कुठला एक नंबर’ हे विचारूनच पुढे जावे लागे. एक ते चौदा अशी सलग मोजणी ९ डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली. ही चूक नुसती दुरुस्त करून मोकळ्या होऊ नका, ती वापरा. ‘तीन नंबरवर थांब’ एवढाच निरोप आहे, एक जण मध्य रेल्वेच्या तीन नंबरवर उभा आहे, दुसरी पश्चिमेच्या तीन नंबरवर उभी आहे, आणि दोघेही समोरच्याला वेंधळा ठरवत आहेत. अकरा वर्षांच्या मैत्रीत असे निदान चारदा घडले असणार, आणि पाचव्यांदा घडेल तेव्हा दोघेही आपला फलाट सोडून एकमेकांच्या फलाटाकडे निघालेले असतील व पुलावर भेटतील. प्रेमाचा एक शब्दही न उच्चारता एवढे काम होते.

दुसरी गोष्ट. संध्याकाळी सातच्या डोंबिवलीकडे जाणाऱ्या जलद गाडीत दादरला चढून दोघांना समोरासमोर खिडकी मिळते, याला मी कल्पनारम्य साहित्य म्हणेन. जागा मिळाली असे क्षणभर धरले तरी ती मिळणार कुठल्या डब्यात? त्या वेळी सबनीस महिलांच्या डब्यात असणार आणि परब पुरुषांच्या गर्दीत दाराशी लोंबकळत असणार. मुंबईत नवरा-बायकोसुद्धा फलाटावर वेगळे होतात, दोन डब्यांतून प्रवास करतात आणि उतरल्यावर जिन्यापाशी पुन्हा भेटतात. तुमच्या नायक-नायिकेच्या मैत्रीचा बहुतेक काळ गाडी येण्याआधीच्या सात मिनिटांत गेलेला असणार, आणि उरलेले बोलणे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाठवलेल्या मेसेजांमध्ये. तुम्ही मात्र त्यांना चाळीस मिनिटांचे निवांत संभाषण बहाल केले आहे. ज्या दोघांना चौथ्या प्रकरणातच एवढा एकांत मिळतो, त्यांना एकोणिसाव्यात एकांत मिळाला तर त्याचे अप्रूप वाचकाला कसे वाटणार?

तर्कटराव:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण मूळ दुखणे फलाटाचे नाही.

तुमचा परब सांगतो की त्याचे आठ वर्षे प्रेम आहे. मग ही मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी कादंबरी राहतेच कुठे? आठ वर्षे मनात प्रेम धरून शेजारी बसलेला माणूस मित्र नसतो, उमेदवार असतो. त्याने पाजलेला प्रत्येक चहा, शेवटच्या गाडीपर्यंत दिलेली प्रत्येक सोबत, तिचे लग्न मोडल्यावर ऐकून घेतलेले रडणे, हे सगळे त्या एका वाक्याने मागे जाऊन बदलते आणि मुदत ठेवीसारखे दिसू लागते. पहाटे हे ऐकल्यावर सबनीस त्याचा दंड का धरते, हे मला कळलेले नाही. तिला राग यायला हवा. आपल्याला एक मित्र होता असे ती आठ वर्षे समजत होती, आणि तो नव्हता असे आत्ता कळले आहे.

हे एकट्या तुमच्या खर्ड्याचे दुखणे नाही. या प्रकारच्या कादंबऱ्यांत दोघांपैकी एकाला बहुधा आधीपासून कळलेले असते, कारण लेखकाला त्यामुळे तीनशे पाने उसासे टाकण्याची सोय होते. एकाने मुकाट्याने सोसायचे, दुसऱ्याने आंधळेपणाने तिसऱ्याच्या मागे लागायचे आणि शेवटी डोळे उघडायचे. त्यात मैत्री ही प्रेमाची प्रतीक्षा-खोली होऊन बसते. मला ती स्वतंत्र आणि पूर्ण नाते म्हणून दिसली तरच ती सोडून दुसरीकडे जाण्यातली जोखीम कळेल.

जोखीम म्हणजे काय, तेही सांगतो. सबनीस आजवर सगळ्या जगाची तक्रार परबकडे करत आली आहे: आईची, साहेबांची, मोडलेल्या लग्नातल्या त्या मुलाची. उद्या परबशी भांडण झाले तर ती तक्रार कुणाकडे करणार? ती जागा कायमची रिकामी होणार आहे. तुमच्या तिन्ही प्रकरणांत याचा उल्लेखसुद्धा नाही.

शीवपलीकडची (धागाकर्ती):

दादरपूलवासी, फलाटाची चूक मान्य आहे आणि खिडकीची त्याहून अधिक मान्य आहे. रोज महिलांच्या डब्यातून जाऊन मी हे लिहिले याची लाज वाटते. लिहिताना माणूस आपल्या पात्रांना नको तेवढे सुख देऊन बसतो.

तर्कटराव, तुमचा मुद्दा मला लागला, म्हणून थोडा बचाव करते. परबला आठ वर्षांपासून माहीत असणे ही वाचकाला दिलेली हमी होती. दोघांपैकी कुणालाच काही कळलेले नसेल तर वाचकाने ते प्रेम कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे? निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते आलटूनपालटून दोघांच्या खांद्यावरून पाहते. ज्याच्या खांद्यावरून पाहायचे त्यालाच दिसत नसेल तर ते मी वाचकाला दाखवू कशी? सवाईची रात्र मात्र मला सोडवत नाही. अख्खी रात्र जागून काढलेल्या माणसाच्या तोंडून खरे बाहेर पडते, यावर माझा विश्वास आहे.

वाटाड्या:

धागाकर्तीने शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भाषेत आहे असे मला वाटते, आणि हे उत्तर मराठीतच देता येते.

जुन्या मराठी प्रेमकथांचे वळण आठवून पाहा. नायक-नायिकेची ओळख ‘तुम्ही’ने होई. कधीतरी, बहुधा चुकून, एखाद्याच्या तोंडून ‘तू’ निसटे, मग क्षणभर दोघेही गप्प होत, आणि वाचकाला जे कळायचे ते कळे. एकेरीवर येणे ही प्रेमाची पहिली जाहीर खूण होती. (भांडणातही माणसे एकेरीवर येतात, हा भाग वेगळा, किंवा कदाचित वेगळा नसेलही.) लेखकाला भाषेने एक आयता उंबरठा दिलेला होता आणि त्यावरून पाऊल टाकले की काम होई.

मैत्रीच्या कादंबरीत हा उंबरठा नसतो. सबनीस आणि परब २००८ सालीच ‘तू’वर आलेले आहेत, बहुधा ओळखीच्या तिसऱ्या मिनिटाला, वायरींच्या गुंडाळ्यावरून भांडताना. त्यांचा ‘तू’ आधीच खर्च झालेला आहे. म्हणून तुमच्या परबला उभे राहून भाषण करावे लागते. त्याच्याकडे दुसरे साधनच ठेवलेले नाही.

पण नीट पाहिले तर साधन तुमच्याच चौथ्या प्रकरणात पडलेले आहे: ते दोघे एकमेकांना आडनावाने हाक मारतात. मुंबईच्या कॉलेजांत ही रीत सर्रास आहे आणि तिचे काम फार चतुर आहे. आडनावाने हाक मारली की मुलगा-मुलगी हा भेद बाजूला पडतो, दोघे एकाच संघातले गडी होतात. त्या आडनावाच्या आडोशाला अकरा वर्षे सुखाने राहता येते. मग ज्या दिवशी परबच्या तोंडून तिचे नाव येईल, त्या दिवशी तो आडोसा गेलेला असेल. मी तिन्ही प्रकरणे दोनदा चाळली, तिचे नाव कुठेही सापडले नाही. हे तुम्ही मुद्दाम केले असेल तर उत्तम, आणि अनवधानाने झाले असेल तर त्याहून उत्तम.

दुसरी खूण ‘आम्ही’ची. ‘आपण’ म्हटले की त्यात ऐकणाराही येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. आजवर सबनीस आईला सांगत आली आहे की “मी आणि परब जाणार आहोत”. ज्या दिवशी ती “आम्ही रविवारी येऊ” असे म्हणेल, त्या दिवशी आई प्रथमच बाहेर उभी असेल. सबनीसला स्वतःला ते कळणार नाही, पण वाचकाला कळेल आणि आईला तर कळेलच. वाचकाने कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे, हा तुमचा प्रश्न होता. त्याने पाहायचे नाहीच, कान देऊन ऐकायचे आहे.

पाऊसपाणी:

एकच विनंती: पाऊस आणू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तेव्हापासून मुंबईच्या प्रेमकथांतले नायक-नायिका त्या एकाच पाण्यात भिजत आहेत. तुमची पात्रे तेव्हा शाळेत होती म्हणून त्या तारखेपासून आपण वाचलो, पण सोळाव्या प्रकरणात २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस डोकावलेला दिसला आणि काळजात धस्स झाले. त्या दिवशी गणपतीचे दिवस होते, गाड्या बंद पडल्या होत्या, लोक रुळांवरून चालत गेले होते, हे सगळे खरे आहे. पण अडकून पडल्यामुळे एकत्र राहावे लागणे हे प्रेमाचे कारण होऊ शकत नाही. त्या रात्री तर मी माझ्या साहेबांसोबत अडकलो होतो.

माईंची वही:

मी या संस्थळावर क्वचित लिहिते, पण वाटाड्या यांच्या प्रतिसादाने हात शिवशिवले.

आमचे लग्न १९७४ सालचे. गिरगावात एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, दोन बिऱ्हाडे सोडून आम्ही वाढलो. मी त्यांना नावाने आणि ‘अरे’ म्हणूनच हाक मारत असे. पतंग, पत्ते, पुढे रात्रशाळेची पुस्तके, सगळे त्या ‘अरे’वर चालले. आमचे जमले तेव्हा जातीचा प्रश्न नव्हता, पैशाचा नव्हता, घर तर माहितीतलेच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की, आता ‘अरे’ चालणार नाही, ‘अहो’ म्हणायचे. ज्याच्या डोक्यात मी नळावर कळशी घातली होती त्याला ‘अहो’ म्हणताना मला पहिले आठ दिवस हसू आवरत नसे आणि त्यांचे कान लाल होत. शेवटी असा तह झाला की स्वयंपाकघरात ‘अहो’ आणि गच्चीवर ‘अरे’. पापड वाळत घालायला मी गच्चीवर जरा जास्तच वेळा जात असे.

तुम्ही तरुण मंडळी ‘तू’वर कसे यायचे याचा विचार करत आहात. आम्हाला तर लग्न करून ‘तू’ गमवावे लागले होते आणि मग ते चोरून परत मिळवावे लागले. म्हणून तर्कटरावांचा मुद्दा मला पटतो. मैत्री संपत नाही, पण तिची जागा बदलते, आणि जागा हा आपल्या मुंबईत चेष्टेचा विषय नाही.

तुमच्या चौथ्या प्रकरणात परब रविवारी सबनीसांच्या घरी येतो, थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसतो आणि सबनीसची आई त्याच्यासमोर लसूण सोलायला टाकते. ते वाचताना मला बरे वाटले. पण मुली, तो त्या स्टुलावर बसू शकतो तो मित्र आहे म्हणूनच. दाराबाहेर चप्पल काढून न विचारता आत येण्याचा परवाना त्याला मैत्रीने दिलेला आहे. जावई होऊ घातलेला मुलगा लसूण सोलत नाही, त्याला बाहेर बसवतात. या दोघांना या शहरात दार लावून बोलण्याइतकी खोली तर मिळालेली नाहीच, आणि जे एक स्टूल मिळाले होते तेही प्रेमामुळे जाणार आहे. हे त्या परबला कळते का? माझ्या मते ते कळणे म्हणजेच तुमचे एकोणिसावे प्रकरण.

कनिष्ठ लिपिक:

सोळाव्या प्रकरणातील नोंदणी विवाहाबद्दल लिहितो. सबनीस आणि परब एका मित्राच्या लग्नात साक्षीदार म्हणून जातात, दोन साक्षीदार सह्या करतात, आणि मित्राने ठरवल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे सगळे आटोपते, असे दाखवले आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये हे शक्य नाही. वधूवरांपैकी निदान एकाचे त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस वास्तव्य असावे लागते, विवाहाच्या इराद्याची नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि त्यानंतर तीस दिवस कुणी हरकत घेतली नाही तर विवाह लावता येतो. साक्षीदार तीन लागतात. वधू, वर आणि तीन साक्षीदार अशा पाच जणांनी प्रतिज्ञापनावर सही करायची असते.

दादरपूलवासी यांचेच सूत्र धरून म्हणतो की हा तपशीलही वापरण्याजोगा आहे. तिसरा साक्षीदार वेळेवर न येणे ही माझ्या अनुभवातली नित्याची घटना आहे. वधूवर दाराशी येरझारा घालत असतात, आणि आलेले दोन साक्षीदार बाकावर बसून राहतात, कारण त्यांना करण्यासारखे काहीच नसते. ती एक दीड तासाची विचित्र सुट्टी असते. बाहेर जाता येत नाही, हातातल्या हारांना पाणी मारायचे असते, आणि दुसऱ्याच्या लग्नात आपला संबंध फक्त सहीपुरता असतो.

आणखी एक. साक्षीदाराने आपले पूर्ण नाव लिहायचे असते. तिथे आडनाव चालत नाही.

वाटाड्या:

कनिष्ठ लिपिक यांना साष्टांग नमस्कार. शेवटचे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो.

तर्कटराव:

मीही उठलो असतो, पण एक शंका राहते. नाव वाचून परबच्या मनात काही हलले असे दाखवाल तर पुन्हा बटणच दाबल्यासारखे होईल, फक्त ते नाट्यगृहाबाहेरून काढून विवाह कार्यालयात बसवलेले असेल. कागदावर नाव दिसणे आणि ते तोंडातून येणे यांत अंतर हवे, आणि त्या अंतरात त्याला स्वतःला काहीही कळता कामा नये.

शीवपलीकडची (धागाकर्ती):

नऊ दिवसांनी लिहीत आहे. या नऊ दिवसांत ‘आठ वर्षे’ काढून टाकली. ती काढल्यावर आधीच्या प्रकरणांतले परबचे जवळजवळ सगळे उसासे आपोआप गळून पडले, सुमारे चाळीस पाने कमी झाली, आणि मला धक्का बसला तो असा की त्या चाळीस पानांवाचून परब मला जास्त आवडू लागला. २९ ऑगस्टचा पाऊस आता खिडकीबाहेर पडतो आणि त्यात कुणीही अडकत नाही. सवाईची रात्रही राहिली आहे, फक्त तिथे कुणी काही बोलत नाही. तिसऱ्या एकांकिकेच्या वेळी सबनीस झोपते आणि परब तिला उठवत नाही, कारण त्या एकांकिकेची प्रकाशयोजना वाईट आहे.

नोंदणी कार्यालयात तिसरा साक्षीदार दीड तास उशिरा येतो. सबनीस आधी सही करते, परब तिच्याच पेनाने नंतर करतो, आणि त्याच्या वरच्या ओळीत तिच्या गोल अक्षरात ‘मृणाल’ असे लिहिलेले असते. तो फक्त एवढेच पाहतो की तिचा ‘ळ’ आणि ‘ल’ अजूनही सारखेच दिसतात. बाकी काही नाही. तर्कटराव, अंतर ठेवले आहे. मध्ये दोन प्रकरणे आणि पाच महिने जातात.

मग हे. वाटाड्यांच्या मुद्द्यासाठी आधी एक गोष्ट सांगते, कारण ती जोडलेल्या प्रकरणांत नव्हती. परब दर वेळी दारातून आत शिरता शिरताच “सबनीस आहे का?” असे विचारतो, आणि आतून आई दर वेळी “कुठली? या घरात तीन आहेत” असे उत्तर देते. हे अकरा वर्षे चाललेले आहे. नवे एकोणिसावे प्रकरण असे संपते:

“दार उघडंच होतं. परबने चप्पल काढली, पिशवीतली मेथी सावरली आणि नेहमीप्रमाणे आत न जाता उंबऱ्यातूनच विचारलं, ‘काकू, मृणाल आहे का?’

आतून उत्तर आलं नाही. कढईतला उलथना थांबला. गॅस बारीक केल्याचा आवाज आला, आणि मग पदराला हात पुसत काकू स्वतः बाहेर आल्या. त्यांनी परबकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या मेथीकडे पाहिलं, आणि मेथी घेतली.

‘येईल एवढ्यात,’ त्या म्हणाल्या. ‘बस ना. इथे बस, पंख्याखाली.’

परब खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर तो याआधी कधी बसला होता हे त्याला आठवेना. तिथून स्वयंपाकघरातलं स्टूल अर्धं दिसत होतं, त्यावर लसणाची टोपली होती. थोड्या वेळाने चहा आला. तो स्टीलच्या पेल्यात नव्हता, कपबशीत होता.”

‘आम्ही’ मी शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवले आहे. ते सबनीसच्या तोंडी येईल, आणि तेव्हा लसूण आई एकटीच सोलत असेल.

दादरपूलवासी:

मेथी कुठून घेतली? माहीमहून डोंबिवलीला मेथी आणणारा माणूस दादरला उतरून मंडईतून घेतो आणि मग मध्य रेल्वेची गाडी पकडतो. एक ओळ टाका. बाकी माझे काही म्हणणे नाही.

माईंची वही:

कपबशी कपाटातल्या चांगल्या संचातली असू द्या, वर्षातून दोनदा निघणारी. त्या संचातल्या एका बशीचा टवका उडालेला असतोच. ती आईने स्वतःच्या कपाखाली घ्यावी.